नवी की सेकंडहँड? स्पोर्टी लक्झरी कूपे घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगा ना, नवी घेऊ की जुनी?

दहा वर्षं ठेवणार असाल तर नवी घ्या. तीन-चार वर्षांनी बदलायचा विचार असेल तर दोन ते चार वर्षं जुनी, एका मालकाची, सगळ्या सर्व्हिसचे कागद असलेली आणि वॉरंटी थोडी तरी शिल्लक असलेली बघा. आणि आठ-दहा वर्षं जुनी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणार असाल तर खालचं सगळं नीट वाचा, कारण खरा पैसा तिथेच जातो.

आपण नवी का जुनी असं विचारतो पण खरा प्रश्न हा असतो की गाडीची किंमत पडण्याचा फटका कोणी सोसायचा आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा. नव्या गाडीत पहिला तुमच्यावर, दुसरा कंपनीवर. जुन्या गाडीत उलटं, पहिला आधीच्या मालकाने सोसलेला, दुसरा तुमच्यावर. मधल्या वयाच्या गाडीत दोन्ही थोडं थोडं तुमच्यावर येतं आणि माझ्या मते बहुतेकांना तेच झेपतं.

नव्या कूपेची किंमत इतकी का पडते?

कारण सेकंडहँड घेणारे कमी. दोन दारं, मागची सीट नावापुरती, डिकी बेताची, म्हणजे कुटुंबवाला माणूस तिच्याकडे वळतच नाही. त्यात पहिल्या मालकाने हजार ऑप्शन्स टाकलेले असतात, भारी ऑडिओ, वेगळं लेदर, खास रंग, आणि विकताना त्यांची किंमत जवळजवळ कोणी देत नाही. पहिल्या वर्षात सगळ्यात मोठी घसरण, मग तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर वेग कमी होत जातो.

नुसतं गणित समजायला आकडे घेऊ. १०० ला घेतलेली गाडी तीन वर्षांत ६० वर आली तर ४० गेले. तीच कोणी ६० ला घेतली आणि आणखी तीन वर्षांनी ४२ ला विकली तर त्याचे १८ गेले. तीच गाडी, तेवढीच वर्षं, गेलेला पैसा निम्म्याहून कमी. पण हे १८ म्हणजे फक्त किमतीतली घसरण झाली, दुरुस्ती यात धरलेली नाही, आणि लोक हिशोब इथेच थांबवतात ते चूक आहे.

सगळ्याच गाड्या अशा पडतात का?

नाही. पोर्श ९११ आणि त्यातही मॅन्युअल गिअरबॉक्सवाल्या, जीटी३ (९११ ची ट्रॅकसाठीची आवृत्ती) वगैरे, फार चांगली किंमत धरून ठेवतात, तिथे वर्षभर जुनी घेऊन फारसं वाचत नाही. मोठ्या आरामदायी कूपे, बीएमडब्ल्यू ८ सिरीजसारख्या, जोरात पडतात. कारण त्या नव्या घेणाऱ्याला पैशाची चिंता नसते आणि जुन्या घेणाऱ्याला मेंटेनन्सची भीती असते. अशा गाड्या जुन्याच घ्याव्यात असं मी छातीठोकपणे सांगेन, फक्त मेंटेनन्स झेपत असेल तर.

निम्म्या किमतीत मिळतेय, मग खर्चही निम्मा ना?

हाच सगळ्यात मोठा गैरसमज. गाडीची किंमत निम्मी होते, पार्ट्सची होत नाही. अडॅप्टिव्ह सस्पेन्शनचा डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर), एलईडी किंवा लेझर हेडलाइटचा अख्खा युनिट, टर्बो, हे सगळं नव्या गाडीच्याच भावात येतं. उलट गाडी जितकी जुनी तितकं काहीतरी बदलायची वेळ जवळ आलेली, म्हणजे किंमत पडलेली आणि खर्च चढलेला, दोन्ही एकदम.

टायरचं घ्या. या गाड्यांना बऱ्याचदा पुढे एक साइज आणि मागे रुंद साइज असते, त्यामुळे पुढचे मागे फिरवता येत नाहीत आणि मागचे लवकर संपतात. ब्रेक डिस्क मोठ्या. कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर ते रोजच्या वापरात टिकतात खूप, पण बदलायची वेळ आली तर आकडा ऐकून बसायला खुर्ची लागते. ते आहेत की नाही हे ओळखायला सोपी खूण म्हणजे कॅलिपरचा (डिस्कला पकडणारा भाग) रंग, पोर्शमध्ये सहसा पिवळा, बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांत, म्हणजे त्यांच्या सगळ्यात स्पोर्टी आवृत्त्यांत, सोनेरी. पण रंग तर कोणीही मारू शकतो म्हणून डिस्क बघूनच खात्री करा.

माझा सल्ला असा असतो की ती गाडी नवी असताना जी किंमत होती तिच्या निदान ५ टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवा. लागली नाही तर उत्तम. पण ती ठेवणं जमत नसेल तर ती गाडी सध्या आपल्या बजेटची नाही, एक पायरी खालची बघा.

मग किती जुनी घ्यावी?

दोन ते चार वर्षं. मोठी घसरण झालेली असते, कंपनीची वॉरंटी बऱ्याचदा थोडी उरलेली असते किंवा पैसे भरून वाढवता येते, आणि सुरुवातीच्या बॅचचे प्रॉब्लेम एव्हाना दुरुस्त झालेले असतात. शक्य असेल तर त्या पिढीचं फेसलिफ्ट (मध्येच केलेली सुधारणा) झाल्यानंतरचं मॉडेल घ्या, कारण फेसलिफ्टमध्ये नुसता बंपर बदलत नाही, आतून बऱ्याच तक्रारी मिटवलेल्या असतात.

मला जी आवडते ती नवी मिळतच नाही आता, काय करू?

मग निर्णय झालाच की. आणि हे आता फार जणांचं होणार आहे, कारण कूपे हा प्रकारच कमी होत चाललाय. ऑडी टीटी १९९८ ला आली आणि २०२३ ला बंद झाली, आर८ २०२४ मध्ये थांबली, जॅग्वार एफ-टाइप पण २०२४, ऑडी ए५ च्या नव्या पिढीत दोन दारांची गाडीच नाही. मर्सिडीजने सी-क्लास आणि ई-क्लास अशा दोन कूपे बंद करून २०२३ मध्ये सीएलई ही एकच आणली. निस्सान जीटी-आरचं आर३५ मॉडेल २००७ पासून चालू होतं ते २०२५ ला संपलं.

बंद झालेली गाडी घ्यायला घाबरू नका, मोठ्या कंपन्या पार्ट्स अनेक वर्षं पुरवतात. इंजिन-गिअरबॉक्स दुसऱ्या चालू मॉडेलमध्येही वापरलेलं असेल तर चिंताच नाही. अडचण येते ती फक्त त्याच गाडीच्या काचा, दाराचे रबर, आतले प्लास्टिकचे तुकडे, असल्या बारीकसारीक गोष्टींची. त्यामुळे बंद झालेली गाडी घेताना इंजिनाइतकंच आतलं ट्रिम शाबूत आहे का ते बघा, इंजिनाचा पार्ट मिळतो, सीटच्या बाजूचं कव्हर मिळायला महिने जातात.

कुठल्या गाडीत काय बिघडतं हे माहीत कसं होणार?

या गाड्यांचे चाहते जगभर आहेत त्यामुळे प्रत्येक इंजिनाची कुंडली लोकांना पाठ असते. काही ठळक सांगतो.

पोर्श ९११ ची ९९६ पिढी आणि तिच्यानंतरच्या ९९७ चा पहिला भाग (९११ च्या पिढ्या अशा नंबरने ओळखतात), तसंच त्याच काळातल्या पोर्शच्याच केमन, यांच्या साध्या इंजिनात मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग आहे, त्याला आयएमएस बेअरिंग म्हणतात. ते गेलं तर इंजिनच जातं. सगळ्या गाड्यांचं जात नाही, पण घेण्याआधी ते बदललंय का, कधी बदललं, कागद आहे का, हे विचारायचंच. टर्बो आणि जीटी३ चं इंजिन वेगळं, तिथे हा प्रश्न नाही, आणि २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला.

बीएमडब्ल्यूची ई९२ एम३ (ई९२ हा त्या पिढीचा कोड), २००७ ते २०१३, चार लिटरचं व्ही८, ८,४०० आरपीएमपर्यंत फिरतं, आवाज ऐकाल तर घ्यावीशी वाटेलच. पण रॉड बेअरिंग (पिस्टनच्या दांड्यांची बेअरिंग) आणि हवेची झडप हलवणारा थ्रॉटल अ‍ॅक्च्युएटर हे दोन खर्च तिथे ठरलेले आहेत असं धरून चाला. बेअरिंग आधीच बदललेली गाडी जास्त पैसे देऊन घेणं हे न बदललेली स्वस्तात घेण्यापेक्षा कधीही परवडतं. २०१४ च्या एम४ मध्ये क्रँक हबची (क्रँकशाफ्टच्या टोकाला बसणारा भाग) चर्चा असते, ती मुख्यतः पॉवर वाढवलेल्या गाड्यांत.

मर्सिडीज सी६३ चं जुनं ६.२ लिटर व्ही८, त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत सिलेंडर हेडच्या बोल्टची अडचण, नंतरच्या गाड्यांत सुधारले. ऑडी आरएस५ च्या ४.२ व्ही८ मध्ये, आणि खरं तर बऱ्याच डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत, इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साठतो, कारण पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जातं आणि व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. ते साफ करायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. ऐकायला विचित्र वाटतं पण तेच योग्य काम आहे, दर काही वर्षांनी करावं लागतं.

आणि उलट बाजूही आहे, बीएमडब्ल्यूचं बी५८ हे सहा सिलेंडरचं इंजिन, जे ४ सिरीजमध्ये आणि २०१९ पासूनच्या टोयोटा सुप्रामध्येही आहे, त्याचं नाव चांगलं आहे. लेक्सस एलसी ५०० चं पाच लिटर व्ही८ टर्बोशिवायचं, साधं सरळ. जुनी घेऊन शांत झोपायचं असेल तर अशा इंजिनांकडे आधी बघा.

कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी ना?

दरवेळी नाही. वर्षानुवर्षं उभी असलेली कूपे बघायला चकचकीत असते पण रबराच्या सील सुकतात, बॅटरी मरते, टायर एका जागी चपटे होतात, ब्रेक ऑइल ओलावा शोषून घेतं. नियमित चालवलेली, गरम होऊ देऊन मग पळवलेली, वेळेवर ऑइल बदललेली ७०,००० किलोमीटरची गाडी मला कपड्याखाली झाकून ठेवलेल्या १२,००० किलोमीटरच्या गाडीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. ऑइल किलोमीटरवर नाही तर वर्षावर बदललंय का ते बघा, गाडी चालली नाही म्हणून तीन वर्षं सर्व्हिस केली नाही असं मालक म्हणाला तर ते चांगलं लक्षण नाही.

गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय बघू?

आधी सांगून ठेवा की इंजिन थंड हवं, मी आल्यावरच स्टार्ट करायची. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर का ते विचारा, कारण थंड इंजिन स्टार्ट होताना जो आवाज येतो, चेनचा खडखडाट, निळसर धूर, तो दोन मिनिटांत गायब होतो आणि मग तुम्हाला कळतच नाही.

मग दार. बऱ्याच कूपेंच्या दाराला काचेभोवती फ्रेम नसते, म्हणून हँडल ओढलं की काच बोटभर खाली यायला हवी आणि दार लागलं की परत वर जाऊन रबरात बसायला हवी. दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा करून बघा. काच अडखळली, उशिरा आली, तर स्विच किंवा रेग्युलेटर जायला आलाय, आणि वेगात वाऱ्याचा आवाज नाहीतर पावसात पाणी आत, हे पुढचं.

ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बघा, उतरताना-चढताना पार्श्वभाग घासतो ती. स्पोर्ट सीटची कड उंच असते त्यामुळे ती पहिली झिजते. मीटरवर २५,००० आणि कड फाटून परत रंगवलेली, स्टिअरिंग गुळगुळीत, तर मीटरवर विश्वास ठेवू नका, सर्व्हिसच्या नोंदींशी आणि कंट्रोल युनिट्समधल्या (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) किलोमीटरशी ताडून घ्या.

टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं त्याचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. चारही टायर एकाच चांगल्या ब्रँडचे आहेत का बघा, इतकी महागडी गाडी आणि चार प्रकारचे स्वस्त टायर दिसले की समजायचं बाकी मेंटेनन्सही असाच केलाय. आणि टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा, बाहेरून नवा दिसणारा टायर आतून तारा दिसेपर्यंत घासलेला असू शकतो.

रंगाची जाडी मोजायचं छोटं मशीन मिळतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असतो. एका पॅनलवर एकदम ३०० आलं तर तो परत रंगवलाय, हजाराच्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. परत रंगवलेला म्हणजे लगेच वाईट नाही, ओरखडा असू शकतो, पण मालकाने आधी सांगितलं होतं का हे महत्त्वाचं.

शेवटी, आणि यात अजिबात तडजोड नको, गाडी लिफ्टवर चढवून त्याच ब्रँडवर काम करणाऱ्या, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासून घ्या. त्याची फी गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही.

मालक तपासणीला नाही म्हणतो.

परत फिरा. दुसरी मिळेल.

रिमॅप केलेली (सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवलेली), मॉडिफाय केलेली गाडी घ्यावी का?

मी शक्यतो नाहीच म्हणतो. चांगलं, जबाबदारीने केलेलं काम असतं, मान्य. पण वाढलेला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा जोर, क्लच, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट सगळ्यांवर येतो आणि वॉरंटी जाऊ शकते. जास्त धोकादायक म्हणजे रिमॅप करून मनसोक्त पळवून विकण्याआधी परत ओरिजिनल केलेली गाडी, ती बघून कळत नाही. एक्झॉस्टचे बोल्ट वारंवार उघडल्यासारखे दिसतात का, एअर फिल्टरचा डबा कंपनीचाच आहे का, हे बघा, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर विचारा. ऑडीसारख्या ब्रँडमध्ये सॉफ्टवेअर बदललेलं आढळलं तर त्यांच्या सिस्टिममध्ये तशी नोंद राहते.

ट्रॅकवर पळवलेली असेल तर?

ट्रॅकवर गेली म्हणजे खराब झाली असं नाही, काही मालक ट्रॅकच्या आधी आणि नंतर ऑइल-ब्रेक ऑइल सगळं बदलतात. ते कागद दाखवत असेल तर माणूस विश्वासाचा. मॅन्युअल पोर्शमध्ये इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा आणि किती तासांवर फिरलं याची नोंद कॉम्प्युटरमध्ये असते, ती वाचून घ्या. मुख्य धोका पाचव्या गिअरमधून चौथ्यात जाताना चुकून दुसरा गिअर पडण्याचा, ऑटोमॅटिक स्वतःहून तसं होऊ देत नाही.

शोरूमवाले सर्टिफाइड म्हणून विकतात, जास्त पैसे देणं योग्य आहे का?

वॉरंटी कोण देतंय त्यावर आहे. गाडीची कंपनी स्वतः देत असेल आणि इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक्स सगळं त्यात असेल तर द्या, अशा गाडीला एक गिअरबॉक्स दुरुस्त करावा लागला तरी वरचे पैसे वसूल. पण नुसता विक्रेत्याने छापलेला सर्टिफिकेटचा कागद असेल तर त्याला अर्थ नाही. कशाकशाला वॉरंटी नाही ती यादी सही करण्याआधी वाचा, तीच खरी वाचायची असते. तपासणी तरीही स्वतः करून घ्या.

जुनी पण वरचं मॉडेल की नवी पण खालचं? म्हणजे एकाच पैशात बीएमडब्ल्यूची तीन वर्षांची एम४ मिळतेय किंवा नवी साधी ४ सिरीज.

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण इथे माणसाला आपण गाडी कशासाठी घेतोय ते ठरवावंच लागतं. रोज ऑफिस, ट्रॅफिक, महिन्यातून एकदा मोकळा रस्ता, असं असेल तर नवी खालची घ्या, खरंच. एम४ चे टायर, ब्रेक, इन्शुरन्स, पेट्रोल सगळं वरच्या पायरीवर आहे आणि कडक सस्पेन्शन रोज अंगावर येतं, ट्रॅफिकमध्ये ती पॉवर कुठे वापरणार. पण रविवारी पहाटे उठून फक्त चालवायला म्हणून गाडी काढणारे असाल, मुद्दाम लांबचा वळणांचा रस्ता धरणारे, तर वरची घ्या, कारण खालची घेऊन वर्षभरात मन खट्टू होतं आणि ती विकून वरची घेताना दोनदा नुकसान होतं.

या दोघींच्या मध्येही एक पायरी असते आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही, म्हणजे एम४४०आयसारखी, सहा सिलेंडर, भरपूर वेग, पण रोजचा खर्च पूर्ण एमपेक्षा कमी. माझं मत विचाराल तर दोन-तीन वर्षं जुनी अशी मधली गाडी हाच बहुतेकांसाठी सगळ्यात समाधानाचा सौदा.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

नव्यात पर्यायच कमी उरलेत. बीएमडब्ल्यू एम२, पोर्शची ९११ कॅरेरा टी आणि जीटी३, अशी मोजकी नावं. त्यामुळे मॅन्युअल हवीच असेल तर सेकंडहँडमध्ये निवड जास्त, आणि पुढे विकतानाही ती हातोहात जाते. ऑटोमॅटिक घेताना गिअरबॉक्स ऑइल बदललंय का विचारा. बऱ्याच गाड्यांत झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स असतो, गाडीवाल्या कंपन्या म्हणतात ऑइल आयुष्यभराचं, पण खुद्द झेडएफ साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते. बनवणाऱ्याचं ऐका.

डेमो कार, म्हणजे शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी, घेऊ का?

किंमत बरीच कमी असेल आणि वॉरंटी पूर्ण मिळत असेल तर घ्या. फक्त ती अनेक हातांनी थंड इंजिनावर पळवलेली असते हे धरून भाव करा.

नवीच घ्यायची ठरवली, ऑप्शन्स कुठले घेऊ?

जे नंतर बसवता येत नाहीत ते. सीट, सस्पेन्शन, डिफरेन्शियल (चाकांमध्ये ताकद वाटणारा भाग), ब्रेक, हेडलाइट. मोठे रिम घेऊ नका, दिसायला छान पण खड्ड्यात टायर-रिम दोन्ही जातात आणि राइड बिघडते. रंग आवडीचा घ्या, तो रोज तुम्ही बघणार आहात.

आणि रनिंग-इन पाळा, म्हणजे सुरुवातीचे किलोमीटर सांभाळून चालवा. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २,००० किलोमीटरला खास सर्व्हिस असते, इंजिन आणि डिफरेन्शियलचं ऑइल बदलतात. पुढे कधी अशी गाडी सेकंडहँड घ्याल तेव्हा त्या सर्व्हिसची नोंद आहे का हे पण पहिल्यांदा बघा, नसेल तर पहिल्या मालकाने गाडी कशी वापरली ते तिथेच कळतं.

मागच्या सीटवर मुलं बसतील का?

लहान असतील तर काही वर्षं. ४ सिरीज, सीएलईमध्ये मोठा माणूसही थोडा वेळ बसतो, ९११ मध्ये फक्त लहान मुलं किंवा बॅग, केमन, एफ-टाइप, आर८ मध्ये मागे सीटच नाही. चाइल्ड सीट असेल तर ती घेऊनच टेस्ट ड्राइव्हला जा आणि स्वतः बसवून बघा, पुढची सीट सरकवून वाकून मुलाला आत ठेवायचं, आणि कूपेचं दार लांब असतं त्यामुळे शेजारी गाडी उभी असताना ते पूर्ण उघडतच नाही. पार्किंगच्या जागेत एकदा गाडी लावून दार उघडून बघितलं की घरात सगळ्यांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही.